बुजरी

लाजणे, भिणे आणि बुजणे ही मराठीतील तीन निरनिराळी क्रियापदे आहेत. लाजणाऱ्याला कोणीतरी आपल्याकडे पाहत असल्याचा संकोच वाटतो आणि त्या संकोचात थोडे सुखही असते. भिणाऱ्याला आपण कशाला भितो ते ठाऊक असते. बुजणाऱ्याचे तसे नाही. वाटेत पडलेल्या दोरीला, वाऱ्यावर फडफडणाऱ्या कागदाला, क्वचित स्वतःच्या सावलीलाही बैल बुजतो. धोका समोर नसतो. पूर्वी कधीतरी येऊन गेलेला असतो आणि आत साठून राहिलेला असतो. राज्य शासनाच्या नोकरीत खेड्यापाड्यांतून फिरताना हा शब्द मी शेतकऱ्यांच्या तोंडून असंख्य वेळा ऐकला. त्याचा पुरता अर्थ मात्र निवृत्तीनंतर, एका कुत्रीच्या सहवासात उमगला.

आमची कन्या इंदूरला असते. रविवारी ती तेथील एका प्राणी-निवाऱ्यात सेवेला जाते. २०२३ च्या नोव्हेंबरात तिने दूरध्वनीवर सांगितले, "बाबा, इथे दोन वर्षांची एक कुत्री आहे. नसबंदी झाली आहे, लसी टोचल्या आहेत, प्रकृती उत्तम. पण माणसाची चाहूल लागली की भिंतीकडे तोंड करून बसते. लोक येतात ते पिल्लू मागतात, आणि जे पिल्लू शेपूट हलवत जाळीपाशी येते तेच घेऊन जातात. हिला आठ महिन्यांत कोणी विचारले नाही."

मी होकार देण्यापूर्वी प्रश्न होता तो सौभाग्यवतींचा. त्या रावेरच्या माहेरवाशीण. लहानपणी त्यांना कुत्रे चावले होते आणि पोटात चौदा इंजेक्शने घ्यावी लागली होती, एवढेच मला ठाऊक होते. रस्त्यात कुत्रे दिसले की त्या माझ्या दुसऱ्या बाजूला येत. लेकीच्या शब्दाखातर त्यांनी संमती दिली, पण दोन अटींवर: कुत्री मागच्या अंगणातच राहील, आणि तिचे काहीही करायला मला सांगायचे नाही. शासकीय नोकरीत आयुष्य गेल्यामुळे अटींसह मिळालेल्या मंजुरीचे मोल मी जाणतो. डिसेंबरात इंदूर-इच्छापूर रस्त्याने मोटारीच्या मागच्या आसनाखाली अंग चोरून बसलेली ती कुत्री बऱ्हाणपुरात आमच्या शनवाऱ्यातील घरी आली.

प्राण्यांसाठीचा निवारा ही कल्पना काही परदेशातून नुकतीच आलेली नाही. आपल्याकडे पांजरपोळ हा शब्द घरोघरी माहीत आहे, आणि मुंबईच्या पांजरपोळाचा जन्म तर कुत्र्यांच्याच निमित्ताने झाला. १८३२ साली मुंबईत बेवारशी कुत्री मारण्याचा सरकारी हुकूम अमलात येऊ लागला तेव्हा पारशी समाज रस्त्यावर उतरला, बाजारपेठ बंद पडली, दंगल झाली. पुढे १८३४ साली जमशेटजी जीजीभॉय आणि काही व्यापारी यांच्या पुढाकाराने भुलेश्वरला पांजरपोळ उभे राहिले. मारणे नको म्हणून ठेवणे आले. पण ठेवलेल्या प्राण्यांपैकी एखादा आपल्या घरी नेऊन त्याला माणसांत आणणे ही पायरी त्याहून वेगळी आहे. तिथे धान्य आणि देणगी पुरत नाही.

निवाऱ्यातील सेवकाने आम्हाला काही सूचना दिल्या होत्या. तिच्या डोळ्यांत डोळे घालून पाहू नका. समोरून चालत जाऊ नका. वाकून डोक्यावर हात ठेवू नका. कुत्र्याला वरून येणारा हात माराचाच वाटतो. जेवणाची वेळ आणि जागा बदलू नका. तिला मागे भिंत असलेला एक कोपरा द्या आणि त्या कोपऱ्यात तुम्ही कधीही शिरू नका. ती जांभई देऊ लागली, ओठ चाटू लागली किंवा तोंड फिरवू लागली, तर ती कंटाळली नसून घाबरली आहे असे समजा व दूर व्हा. पहिले तीन दिवस ती फक्त घाबरलेली राहील, तीन आठवड्यांत घराचा दिनक्रम ओळखेल, तीन महिन्यांत घर आपले मानेल. हा सर्वसाधारण अंदाज, बुजऱ्या कुत्र्याला याच्या दुप्पट वेळही लागतो.

ही भीती येते कोठून, याचा अभ्यास झालेला आहे. अमेरिकेत स्कॉट आणि फुलर या शास्त्रज्ञांनी अनेक वर्षे कुत्र्यांच्या पिल्लांवर प्रयोग करून १९६५ साली ग्रंथ प्रसिद्ध केला. जन्मानंतरच्या साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यांत पिल्लाला माणसाचा सौम्य सहवास मिळाला तर ते माणसाला आपल्यातला मानते. तो काळ माणसावाचून गेला तर पुढे माणूस त्याला परकाच राहतो. आमच्या पाहुणीचे ते आठवडे कोठे गेले, कोणास ठाऊक. तिच्या एका कानाच्या टोकाला नसबंदीची खाच होती. पूर्वायुष्याचा तेवढाच एक दाखला.

मी सूचना परिपत्रकासारख्या पाळल्या. सकाळ-संध्याकाळ ताटली ठेवायची आणि पाठ फिरवून निघून यायचे. या काळात मला नामदेवांची गोष्ट वारंवार आठवे. कुत्र्याने भाकरी पळवली आणि नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले, ती कोरडी खाऊ नकोस म्हणून. लहानपणापासून आपण ही गोष्ट नामदेवांच्या बाजूने ऐकत आलो. अंगणातल्या त्या कोपऱ्याकडे पाहताना प्रथमच मनात आले की, धावणाऱ्या त्या कुत्र्याला काय वाटले असेल? मागून एक माणूस हातात काहीतरी घेऊन ओरडत येतो आहे. वाटीत तूप आहे हे त्याने कसे ओळखावे? त्या कुत्र्यात साक्षात विठ्ठल होता म्हणून तो थांबला. आपल्या अंगणात येते ते साधे कुत्रे असते. त्याच्यासाठी वाटी खाली ठेवून मागे सरावे लागते.

नावाचा प्रश्न निघाला तेव्हा मी 'सरमा' सुचवले. ऋग्वेदातील ही देवशुनी इंद्राच्या हरवलेल्या गाई शोधून काढते. सौभाग्यवती स्वयंपाकघरातूनच म्हणाल्या, "अहो, ती कसली गाई शोधते! बुजरी आहे नुसती." लेकीला ते फार आवडले. बुजरीची 'बुजी' झाली आणि वेद मागे पडले.

आता मुख्य गोष्ट. आमच्या मागच्या अंगणात शहाबादी फरश्या आहेत. बुजीच्या कोपऱ्यापासून स्वयंपाकघराच्या पायरीपर्यंत अकरा. त्या पायरीवर दुपारी सौभाग्यवती सूप घेऊन तांदूळ निवडत बसतात. कुत्री दिसू नये म्हणून त्या मुद्दाम कोपऱ्याकडे पाठ करून बसू लागल्या. त्यांनी तिला कधी हाक मारली नाही, कधी तिच्याकडे पाहिले नाही, खायला घातले नाही. मी जे नियम म्हणून पाळत होतो ते त्या मनापासून करत होत्या, आणि प्राण्याला हा फरक कळतो. मी पाठ फिरवली तरी माझे लक्ष तिच्याकडेच असे. सौभाग्यवतींना ती खरोखरच नको होती. जगात आपल्याकडून काहीही नको असलेला एकच माणूस आहे, असे बुजीच्या ध्यानात आले असावे.

जानेवारीच्या अखेरीस ती दुसऱ्या फरशीवर बसलेली दिसली. फेब्रुवारीत पाचव्या. मी वरच्या खिडकीतून मोजत असे आणि कोणाला सांगत नसे. आपल्या बऱ्हाणपूरकरांना कुंडी भंडाऱ्याचे कौतुक आहे. १६१५ सालापासून सातपुड्याच्या कुशीतले पाणी जमिनीखालून झिरपत, केवळ उताराच्या आधाराने शहराकडे येत राहिले. वरून पाहणाऱ्याला काही हललेले दिसत नाही. तसेच हे चालले होते. मार्चमधील एका दुपारी बुजी अकरावी फरशी ओलांडून आली आणि पायरीवरून खाली लोंबणाऱ्या पदराच्या टोकावर तिने हनुवटी टेकली.

सौभाग्यवतींना ते जाणवले. सूप हातात तसेच थांबले. "अहो," त्या अगदी हलक्या आवाजात म्हणाल्या, "हिला न्या." मी जिना उतरून आलो, तर त्यांनीच बोटाने थांबण्याची खूण केली. त्या थरथरत होत्या आणि बुजीही थरथरत होती. बराच वेळ दोघींपैकी कोणीच हलले नाही.

त्याच वर्षीच्या पावसाळ्यात एका संध्याकाळी वीज गेली. आपल्या गावात यंत्रमागांची खडखड इतकी अंगवळणी पडलेली असते की ती थांबली तरच ऐकू येते. एकाएकी सगळीकडे शांत झाले आणि बुजी दचकून उभी राहिली. "घाबरू नको गं, वीज गेली आहे," सौभाग्यवती म्हणाल्या. तिच्याशी त्या प्रथमच बोलत होत्या. मग अंधारातच, माझ्याकडे न पाहता, त्यांनी एक गोष्ट सांगितली.

१९७१ साली, त्या आठ वर्षांच्या असताना, रावेरला एकाच कुत्र्याने एकाच दिवशी दोन मुलांना चावे घेतले. त्यांची जखम पोटरीला, सर्वांना दिसणारी. म्हणून त्यांना दवाखान्यात नेले आणि रोज एक याप्रमाणे चौदा इंजेक्शने पोटात दिली गेली. दुसरा त्यांचा चुलतभाऊ, दहा वर्षांचा. त्याच्या हाताला दात नुसते लागल्यासारखे झाले होते. त्या सुयांचे वर्णन ऐकून त्याने ते घरात सांगितलेच नाही. सांगितले ते फक्त हिला, आणि शपथ घातली. जखमेला त्याने स्वतःच चुना लावला. दोन महिन्यांनी तो पाण्याचा तांब्या पाहून किंचाळू लागला. तिसऱ्या दिवशी गेला.

अडतीस वर्षांच्या संसारात ही गोष्ट मला कधी कळली नव्हती. शपथ मोडली असती तर तो वाचला असता, हे आठ वर्षांच्या मुलीने मनात घेतले आणि साठी उलटेपर्यंत वागवले. कुत्र्याला त्या भीत होत्या असे आम्ही सारे समजत आलो. त्या कुत्र्याला भीत नव्हत्या, बुजत होत्या. आणि मला हेही कळले की, हे मी विचारून बाहेर आले नसते. ज्या दिवसांत त्यांनी बुजीकडून कसलीच अपेक्षा केली नाही आणि बुजीनेही त्यांच्याकडून काही मागितले नाही, त्या दिवसांत ते आतल्या आत वर सरकत आले असावे, एकेक फरशी.

पोटातल्या त्या चौदा सुया, मेंढीच्या मेंदूपासून बनवलेल्या लसीच्या, आता इतिहासजमा झाल्या आहेत. भारतात त्या लसीचे उत्पादन २००४ च्या अखेरीस बंद झाले. आजची लस दंडात घेतात, मोजक्याच वेळा. पाश्चरने १८८५ साली नऊ वर्षांच्या जोसेफ माइस्टरला पहिल्यांदा लस टोचली तेव्हापासून हा रोग टाळता येतो. लक्षणे दिसल्यावर मात्र आजही तो बहुधा प्राणघातकच ठरतो. चावा असो वा नुसता ओरखडा, जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवायची आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. चुना, तिखट, तेल काहीही लावायचे नाही. हे सर्व आता सौभाग्यवतीच गल्लीतल्या मुलांना पायरीवर बसवून सांगतात. शेवटी प्रत्येकाला विचारतात, "घरी सांगायचे की नाही सांगायचे?" आणि "सांगायचे!" असे सर्वांकडून मोठ्याने वदवून घेतात. बुजीचे लसीकरणाचे कार्ड देवघरातल्या खणात असते आणि वार्षिक लसीची तारीख मला त्यांच्याकडून कळते.

२०२५ साली भटक्या कुत्र्यांचा प्रश्न देशभर गाजला. ११ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींच्या पीठाने दिल्ली परिसरातील रस्त्यांवरची कुत्री उचलून निवाऱ्यांत ठेवण्याचा आदेश दिला. २२ ऑगस्टला तीन न्यायमूर्तींच्या पीठाने तो बदलला: रेबीज झालेली वा आक्रमक कुत्री वगळून बाकीची नसबंदी व लसीकरणानंतर मूळ जागी सोडावीत, आणि कोणास दत्तक घ्यायचे असेल तर पालिकेकडे अर्ज करावा, मात्र ते कुत्रे पुन्हा रस्त्यावर येता कामा नये. त्या दिवसांत वाचनालयात, लग्नमंडपात, सगळीकडे दोन तट पडलेले मी पाहिले. एक तट म्हणे, माणसाच्या जिवापुढे कुत्रे काय? दुसरा म्हणे, मुक्या जीवाचा काय दोष? मी गप्प राहत असे. दोन्ही पक्ष माझ्याच अंगणात, एकमेकींना टेकून बसलेले होते आणि दोन्हींचे म्हणणे खरे होते.

आपल्या घराण्यांना तरी या मुलखात रुजायला किती काळ लागला! १७६० च्या उदगीरच्या लढाईनंतर बऱ्हाणपूर पेशव्यांकडे आले, त्यानंतरच्या काळात कोणी मुनीम म्हणून, कोणी कारकून म्हणून, कोणी पुजारी म्हणून तापीकाठी उतरले. त्यांनीही आधी भिंतीला पाठ लावूनच बस्तान मांडले असेल. सहा महिन्यांत कुत्रे माणसाळत नाही अशी तक्रार करणाऱ्यांनी आपली वंशावळ काढून पाहावी.

मी कोणाला कुत्रे पाळण्याचा आग्रह करत नाही. ज्यांच्या घरी तान्हे मूल आहे, ज्यांना दोन-दोन दिवस घर बंद ठेवावे लागते, त्यांनी बुजऱ्या प्राण्याच्या वाटेस जाऊच नये. ज्यांना निवृत्तीचा वेळ आहे, अंगण आहे आणि कोणी आपल्याकडे धावत आले नाही तरी चालते, त्यांनी निवाऱ्यात गेल्यावर जाळीपाशी येणाऱ्यांच्या पलीकडे, मागच्या भिंतीकडे एकदा पाहावे.

बुजी आता सौभाग्यवतींच्या मागोमाग स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत जाते. पहिली अट तेवढी शिथिल झाली आहे, दुसरीचा कोणी उल्लेख करत नाही. दिवाळीच्या फटाक्यांत ती अजूनही पलंगाखाली शिरते आणि सौभाग्यवती जमिनीवर चटई टाकून तिच्याजवळ बसून राहतात. माझ्या हातून ती अद्याप काही घेत नाही. मी ताटली ठेवतो, पाठ फिरवतो आणि मागे तिच्या खाण्याचा आवाज सुरू होईपर्यंत दाराशी थांबतो.