फुकट नव्हे, भेट

वाचनालय चालविणे म्हणजे नुसती कपाटाची किल्ली सांभाळणे नव्हे. कोणते पुस्तक कुठे आहे, कुणी नेले आणि परत कधी येणार, हे विचारल्याबरोबर सांगता आले पाहिजे. आम्ही वस्तीतले वाचनालय चालविणारे पाच-सहाजण. कुणी कारखान्यात, कुणी पालिकेत, कुणी घरकामाला. ड्युटी संपवून संध्याकाळी दोन तास दार उघडतो. पुस्तके वाढली, सभासद वाढले आणि दाखल नोंदवही व देवघेव रजिस्टर पुरेनासे झाले. एका कंपनीकडे संगणक प्रणालीची चौकशी केली. तिची किंमत आमच्या वर्षाच्या वर्गणीहून जास्त. शिवाय एखाद्या वर्षी पैसे थकले, तर आमच्याच पुस्तकांची यादी आम्हाला बंद! हा सौदा आम्हाला पटला नाही.

तेव्हा वस्तीतल्याच, ग्रंथालयशास्त्र शिकलेल्या एका मुलीने 'कोहा'चे नाव सांगितले.

न्यूझीलंडमधील होरोव्हेनुआ या भागातील सार्वजनिक ग्रंथालयांची जुनी प्रणाली २००० सालची तारीख पेलणार नव्हती. महागडी नवी विकत घेण्याऐवजी त्यांनी १९९९ साली कॅटिपो नावाच्या कंपनीकडून स्वतःची प्रणाली करून घेतली. जानेवारी २००० मध्ये ती सुरू झाली आणि मग ती त्यांनी साऱ्या जगाला खुली केली. कुणीही वापरावी, आतली रचना पाहावी, बदलावी, दुसऱ्याला द्यावी. माओरी भाषेत 'कोहा' म्हणजे भेट. पण ती घेणाऱ्यानेही आपल्या परीने काही परत द्यावे, असा तिचा रिवाज आहे.

हा रिवाज आम्हाला लवकरच कळला. पैसा लागला नाही, पण घाम लागला. लिनक्स बसविणे, पुस्तकांना बारकोड चिकटविणे, एकेक नोंद टंकणे हे सारे आम्हालाच करावे लागले. मोठ्या ग्रंथालयांच्या तयार नोंदी इंटरनेटवरून उतरवून घेता येतात. पण आमच्याकडच्या जुन्या पुस्तिका व जलशांच्या वह्या तिथे कुठून सापडणार? त्या आम्हीच नोंदवल्या.

खरी गंमत नावांची. कुणी 'अण्णाभाऊ' लिहितो, कुणी 'अण्णा भाऊ'. कुणी 'बाबुराव बागूल', तर कुणी 'बाबूराव बागुल'. संगणकाला ही वेगवेगळी माणसे वाटतात. एका ऱ्हस्व-दीर्घापायी पुस्तक कपाटात असून सापडत नाही, आणि जे सापडत नाही ते वाचले जात नाही. कोहात यावर सोय आहे. लेखकाचे एक नाव प्रमाण ठरवायचे आणि बाकीची रूपे त्याला जोडायची. मग वाचकाने कसेही लिहिले तरी त्याला योग्य पुस्तकापर्यंत नेता येते. हे जोडकाम मात्र आपली पुस्तके ओळखणाऱ्या माणसानेच करायचे असते.

म्हणून आपापल्या गावी, वस्तीत वाचनालय चालविणाऱ्या बंधू-भगिनींना आमचे सांगणे आहे. एक जुना पण धडधाकट संगणक आणि शिकायला तयार असलेली दोन मुले मिळाली, तर सुरुवात होते. लहान वाचनालयाला रोजच्या देवघेवीसाठी इंटरनेटही लागत नाही. मात्र दोन गोष्टी पाळा. दर आठवड्याला सगळ्या नोंदींची प्रत काढून दुसऱ्या घरी ठेवा, आणि काम एकट्याच्या डोक्यात राहू देऊ नका. जाणता माणूस नोकरीसाठी दूर गेला की वाचनालय आंधळे होते.

आमच्याकडची मुलगी आता दर रविवारी शेजारच्या वस्तीत शिकवायला जाते. भेटीची परतफेड ती अशी करते आहे.