बोरीवरचा पूल

नळदुर्गला लोक किल्ला बघायला जातात. पावसाळा चांगला झाला की नर आणि मादी हे दोन धबधबे बघायला तिथं जत्रेसारखी गर्दी होते. दुसऱ्या इब्राहिम आदिलशाहाच्या काळात बोरी नदीवर धरण बांधून त्याच्या पोटात पाणीमहाल काढला, त्याचं कौतुक आजही संपत नाही. पुलासाठी मात्र नळदुर्गला कुणी जात नाही. आम्ही बाप-लेक यंदा ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी गेलो, ते पुलासाठी.

कारण घडलं शाळेत. माझी मुलगी आठवीत आहे. १७ सप्टेंबरच्या कार्यक्रमात मराठवाडा मुक्तिसंग्रामावर बोलायला तिची निवड झाली. त्यावर वर्गातली एक मैत्रीण सहज म्हणाली, "पण तुम्ही तर निजामाकडचे ना?" भांडण झालं नाही, कुणी रडलं नाही. घरी येऊन तिनं मला एवढंच विचारलं, "अब्बू, तेव्हा आपण कुणाच्या बाजूला होतो?"

अंबाजोगाईहून लातूर, औसा, तुळजापूर करत नळदुर्ग गाठलं. सोलापूर-हैदराबाद रस्ता इथं बोरी ओलांडतो. १३ सप्टेंबर १९४८ च्या पहाटे मेजर जनरल जयंतनाथ चौधरी यांच्या हाताखालचं भारतीय सैन्य सोलापूरकडून निघालं. पावसाळ्याचे दिवस. बोरीवरचा पूल उडवला गेला असता तर रणगाडे आणि गाड्या काठावरच अडकल्या असत्या. पण सातव्या ब्रिगेडनं निजामाच्या सैन्याला सावध व्हायला वेळच दिला नाही आणि पूल धडधाकट ताब्यात घेतला. मग शिखांच्या दुसऱ्या पलटणीनं नळदुर्गच्या ठाण्यांवर हल्ला केला. सकाळी नऊला रणगाडे जळकोटला आणि दुपारी सव्वातीनच्या सुमाराला उमरग्याला पोचले. १७ तारखेला निजामानं युद्धबंदी जाहीर केली. याच मोहिमेतली एक तुकडी लातूर घेऊन मोमिनाबादला, म्हणजे आमच्या अंबाजोगाईला आली. तिथल्या गोलकोंडा लान्सर्सनी नावापुरता प्रतिकार करून शस्त्रं खाली ठेवली.

गाडी बाजूला लावून आम्ही पुलाच्या तोंडाशी उभे राहिलो. ट्रक जायचे तेव्हा पायाखाली हादरा जाणवायचा. मी तिला हे सगळं सांगत होतो. मुलगी म्हणाली, "हे पुस्तकासारखंच झालं. आपलं सांगा."

आपलं सांगायचं तर आमच्या घरात 'मुक्तिसंग्राम' हा शब्द नव्हता. घरातला शब्द 'पोलीस ॲक्शन'. मामूंचं वय विचारलं तर नानी म्हणायची, "पोलीस ॲक्शनच्या साली रांगत होता." केज तालुक्यातलं खेडं. नानीचे वालिद गाद्या भरायचे, कापूस पिंजायचे. हैदराबादचा तख्त त्यांनी कधी पाहिला नाही, रझाकारांच्या कवायतीला ते गेले नाहीत. गावच्या पाटलांच्या सोयऱ्यांचं घर त्याच उन्हाळ्यात रझाकारांनी लुटलं होतं. तरी गोंधळ सुरू झाल्यावर पाटलीणबाईंनी नानीला आणि तिच्या लेकरांना कडब्याच्या गंजीत तीन रात्री लपवलं. शेणाच्या पाटीत, वर गोवऱ्या रचून, खाली भाकरी यायची. नानी त्यांना मरेपर्यंत 'माय' म्हणाली.

नानीचा भाऊ मात्र रुई आणायला लातूरला गेला होता. तो परत आला नाही. त्याची कबर नाही, कुठल्या कागदावर नाव नाही.

हे घरात हळू आवाजातच बोललं जायचं. कागदावर मात्र आलेलं आहे. पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री यांची समिती १९४८ च्या नोव्हेंबर-डिसेंबरात या भागात फिरली. त्यांच्या अंदाजानं संस्थानात २७ ते ४० हजार माणसं मारली गेली. सर्वांत जास्त झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद होता, आणि त्यांच्या पाठोपाठच्या चारांत आमचा बीड. लातुरात वीस दिवसांहून जास्त काळ कत्तल चालली, असं त्यांनी लिहिलं. हा अहवाल कित्येक दशकं लोकांपुढे आला नाही. त्याच अहवालात आणखी एक नोंद आहे. हिंदू विणकरांनी मुसलमान विणकरांना वाचवलं, काहींनी त्यापायी जीवही गमावला.

आणि कासिम रझवी हा लातूरचाच वकील. त्याच्या रझाकारांनी केलेले जुलूम खरे आहेत. ते झाकून आमचं दुःख सांगता येणार नाही. 'इमरोज'चे संपादक शोएबुल्ला खान यांनी भारतात विलीन व्हा, असं लिहिलं, म्हणून ऑगस्ट १९४८ मध्ये रझाकारांनीच त्यांचा खून केला. स्वामी रामानंद तीर्थ आमच्या अंबाजोगाईच्या शाळेत मुख्याध्यापक होते. त्यांची लढाई निजामाच्या राजवटीशी होती.

मी मुलीला कोरियातल्या एका पुलाबद्दल सांगितलं. चॉरवन भागात हांतान नदीवर सुंगिल नावाचा पूल आहे. तो भाग उत्तर कोरियाकडे असताना १९४८ मध्येच त्याचं काम सुरू झालं. मग युद्ध आलं, काम अर्ध्यावर राहिलं. युद्धानंतर तो भाग दक्षिणेकडे आला आणि १९५८ मध्ये दक्षिणेनं पूल पुरा केला. दोन्ही अर्ध्यांच्या कमानी वेगळ्या आहेत, बघणाऱ्याला कळतं. लोक तो मुद्दाम बघायला जातात.

आपल्या १९४८ चाही एक अर्धा भाग झेंडावंदनाला सांगितला जातो आणि दुसरा घरात कुजबुजला जातो. पहिला सांगितला की दुसऱ्याचे लोक गप्प होतात. दुसरा सांगितला की पहिल्याच्या लोकांना वाटतं, आता हे निजामाची बाजू घेणार. निजाम मुसलमान होता म्हणून पिंजारी निजामाचा होत नाही. सैन्य आलं म्हणून मराठवाडा भारतात आला, याचा मला आनंदच आहे. मी या देशाच्या शाळेत, मराठीत शिकलो. आणि नानीच्या भावासाठी मी आजही दुआ मागतो. या दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या आहेत.

मुलीनं भाषण स्वतः लिहिलं. नळदुर्गचा पूल, स्वामीजी, शोएबुल्ला खान, पाटलीणबाईंची शेणाची पाटी, सगळं त्यात होतं. शेवटी एक ओळ होती: 'माझ्या पणजीचा भाऊ लातूरहून परत आला नाही.' तिनं विचारलं, "ही ठेवू की काढू? बाई रागावतील का?"

मी म्हटलं, "ठेव. आधी बाईंना वाचून दाखव."

बाईंनी ती ओळ दोनदा वाचली. मग एवढंच म्हणाल्या, "ही जरा सावकाश म्हण, मागच्या रांगेपर्यंत ऐकू गेली पाहिजे."