उभी किती, आडवी किती

माझ्या फोटोंना एक खोड आहे. रंगवलेल्या सुंदर भिंतीचा फोटो काढताना शेजारचा फुटका पाइप मी चौकटीबाहेर ठेवत नाही. एकदा एका प्रदर्शनात कुणीतरी विचारलं, ही नजर कुठे शिकलात? त्यांना बहुधा एखाद्या परदेशी छायाचित्रकाराचं नाव हवं होतं. मी म्हटलं, बीपीटीत.

बीपीटी म्हणजे बॉम्बे पोर्ट ट्रस्ट. घाटकोपरला पंतनगरात हाउसिंग बोर्डाच्या ज्या इमारतीत मी वाढले, तिथे तळमजल्यावर अण्णा राहायचे. प्रिन्सेस डॉकमध्ये ते टॅली क्लार्क होते. जहाजातून उतरणारा माल मोजायचा आणि लिहायचा, हे त्यांचं काम. गोणीवरचा मार्का बघायचा. फाटलेली, भिजलेली, सांडलेली गोण वेगळी लिहायची. ‘‘धड माल कुणीही मोजेल गं,’’ ते म्हणायचे, ‘‘आम्हाला पगार फाटक्या गोणीचा. ती लिहायची राहिली की पुढे सगळ्यांची भांडणं.’’

मी बारावीत असताना अण्णांनी मुसाफिरखान्याच्या बाजारातून घेतलेला आपला यशिका कॅमेरा माझ्या हातात ठेवला. स्वतःच्या मुलांना त्यांनी त्याला कधी बोट लावू दिलं नव्हतं. रोल धुण्याचे पैसेही सुरुवातीला तेच द्यायचे. आमच्या घरी तेव्हा त्या पैशांत आठवड्याची भाजी आली असती, आणि हे ठाऊक असल्यामुळेच मी आईच्या कानावर ते कधी जाऊ दिलं नाही. त्यांची अट एकच. प्रत्येक प्रिंटच्या मागे जागा, तारीख आणि फोटोत माणूस असेल तर त्याचं नाव लिहायचं. ‘‘मार्का नसलेला माल गोदीत पडून राहतो.’’ चौपाटीवरचे माझे सूर्यास्त ते बघायचे आणि ‘‘बरंय’’ म्हणून परत द्यायचे.

परवानगीशिवाय गोदीत कॅमेरा नेता येत नाही. म्हणून एका रविवारी ते मला बॅलार्ड इस्टेटला घेऊन गेले. जॉर्ज विटेटच्या त्या दगडी इमारती, रिकामे रस्ते, झाडं... मी भराभरा फोटो काढायला लागले, तर म्हणाले, आधी पायाखाली बघ. अलेक्झांड्रा डॉक, म्हणजे आताचा इंदिरा डॉक, खणताना निघालेली माती इथे टाकली आणि त्या भरावावर १९१४ ते १९१८ या काळात ही बावीस एकरांची वसाहत उभी राहिली. पोर्ट ट्रस्टचे कर्नल बॅलार्ड यांचं नाव तिला मिळालं. समुद्रकिनारा नव्याने घडवणं आजचं वाटतं. मुंबईला ती जुनीच सवय आहे.

तिथेच त्यांनी मला खैरांची गोष्ट सांगितली. १८८० साली सुरू झालेला प्रिन्सेस डॉक खणताना चिखलाखाली एक बुडालेलं रान सापडलं होतं. खैराचे बुंधे, त्यांतले कितीतरी मुळांसकट उभेच्या उभे. जमीन कधीतरी खचली आणि समुद्र वर आला. अण्णा कोकणातले, खैर त्यांच्या घरामागचा. पण त्यांना आनंद वेगळ्याच गोष्टीचा होता. ‘‘कुणीतरी मोजली बघ ती झाडं. तीनशे ब्याऐंशी. त्यांतली दोनशे तेवीस उभी आणि एकशे एकोणसाठ आडवी. वेगळी लिहिली!’’ इंग्रजांच्या राज्यातला तो अनाम मोजणारा आपल्याच खात्यातला असावा, असा त्यांचा आविर्भाव होता.

१४ एप्रिल १९४४ला व्हिक्टोरिया डॉकमध्ये ‘फोर्ट स्टिकीन’ या दारूगोळ्याच्या जहाजाचा स्फोट झाला. त्याबद्दल ते फार बोलत नसत. ज्या मुकादमाच्या हाताखाली ते कामाला लागले, त्याने तो दिवस पाहिला होता. अण्णांनी मात्र गोदीचं हळूहळू ओसरणं पाहिलं. कंटेनर आले, १९८९मध्ये समोर न्हावाशेवा बंदर सुरू झालं आणि गोणी मोजणाऱ्यांची गरज सरली. पुढे कंटेनरसाठी जागा हवी म्हणून प्रिन्सेस आणि व्हिक्टोरिया हे दोन्ही डॉक भरून टाकले. हे ऐकल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, ‘‘भरणी कशाची घातली?’’

२०१७च्या अखेरीस ससून डॉकमध्ये ‘स्टार्ट इंडिया’ या संस्थेचं कलाप्रदर्शन भरलं. १८७५चा तो डॉक. कोळ्यांचे भलेमोठे चेहरे त्याच्या भिंतींवर चढले आणि दक्षिण मुंबईतले जे लोक नाक दाबून तिथून जात, ते रांगा लावून आत शिरले. मी अण्णांना टॅक्सीने नेलं. चित्रं त्यांनी बघितली न बघितल्यासारखी केली आणि कोळंबी सोलणाऱ्या बायकांपाशी जाऊन दिवसाला किती टोपल्या होतात याची चौकशी करत बसले. त्याच हिवाळ्यात घाटकोपरला असल्फ्याच्या डोंगरावरची घरं ‘चल रंग दे’च्या स्वयंसेवकांनी रंगवली. मेट्रोतून जाणारे मोबाइल काढून फोटो घ्यायला लागले. मी वर चढून गेले. पिवळ्याधमक भिंतीपुढे पाण्याची निळी पिंपं होती, आणि चढणीवरून हंडा घेऊन येणारी बाई. रंग मला मनापासून आवडला. आवडू नये असा माझा आग्रह नाही. पण पिंपं चौकटीत ठेवली. प्रिंट अण्णांना दिली. त्यांनी ती आधी उलटी केली, मागचं बाईचं नाव वाचलं आणि मग फोटो बघितला.

२०१९ साली अण्णा गेले. त्यांच्या मुलाने यशिका परत मागितला नाही. मीच नेऊन दिला, तर तो म्हणाला, राहू दे तुझ्याकडेच, ताई. रोलच्या पैशांचा हिशेब मी कधी केला नाही. अण्णांनी नक्की कुठेतरी लिहून ठेवला असेल.

परवा त्यांच्या नातवाला घेऊन भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला गेले. २०२०पासून तिथून रो-रो बोट सुटते, गाड्या तिच्या पोटातून जातात. घाटकोपरच्या छेडानगरहून ईस्टर्न फ्रीवे धरला की धक्का आता हाकेच्या अंतरावर. गाड्या आत शिरताना पोरगा आपणहून मोजत होता. बोट सुटल्यावर त्याने मला आकडा सांगितला.

‘‘बरं,’’ मी म्हटलं, ‘‘आणि त्यांतल्या ठोकलेल्या किती?’’

तो कपाळावर आठ्या घालून तडक खाली गाड्यांकडे पळाला.