मिटून राहणारं पॉलिमर

मोतीबिंदू काढल्यावर निळा एकदम धीट दिसायला लागला. प्रकाशानं आकार बदलणारं ॲझोबेन्झिन पुरतं वळलंय की नाही, हे द्रावणाच्या रंगावरून नुसत्या नजरेनं सांगायची मला घमेंड होती. पिवळटलेल्या भिंगातून केलेले ते सगळे निवाडे आठवून हसू येतं. घमेंड मात्र काही भिंगाबरोबर निघाली नाही.

प्रकाश पडताच औषध सोडणारं पॉलिमर आता कुणीही करतं. ऑर्थो-नायट्रोबेन्झिलचा दुवा ३६५ नॅनोमीटरला तुटतोच. खरी पंचाईत तोवर मिटून राहण्याची. कुपीला फॉइल, खोलीत लाल दिवा, तरी अंधारात औषध पाझरतं. जाळी घट्ट केली तर प्रकाशानंतरही ते आत अडकतं. सैल केली की आधीच निसटतं. या एका गळतीपायी मी उमेदीची वर्षं घातली. शोधनिबंधांत ती पुरवणीत ढकलतात, पहिल्या पानावर आलेखाची उभी चढण. तीही क्युव्हेटमधली! कातडीत ३६५चा प्रकाश मिलिमीटरभरही धड शिरत नाही. म्हणून मंडळी ९८०कडे धावली. तिथे ऊतींमधलं पाणीच प्रकाश शोषून तापतं.

प्रकाशानं जागं होणाऱ्या व्हर्टेपॉर्फिन या औषधाचा मला मत्सर वाटतो. २००० साली अमेरिकेत मान्यता मिळाली. औषध शिरेतून द्यायचं, ६८९ नॅनोमीटरचा लेझर डोळ्याच्या पडद्यावर. पॉलिमर नाही, लायपोसोम. तरी रुग्णापर्यंत पोचलं. पण त्यालाही पुढचे पाच दिवस ऊन वर्ज्य.

पाच दिवस ऊन टाळायचं, हे आमच्या सुलतानपुरात कुणाला सांगणार? माझी विद्यार्थिनी त्याच गावची. म्हणाली, "सर, आपल्या पॉलिमरचं मलम लावून बाई सोयाबीन सोंगायला गेली तर? उन्हातही ३६५ असतंच की." मी पट्टी बांधायचं वगैरे काहीबाही सांगितलं. राग याचा आला, की हा प्रश्न माझ्या लेखात शोभला असता आणि तो तिनं विचारला.

मग मी दुहेरी कुलपाच्या नादी लागलो: प्रकाशही हवा आणि ऊबही, तरच उघडेल. पीनिपाम हे पॉलिमर ३२ अंशांना आकसतं. ॲक्रिलमाइड मिसळून तो आकडा चाळिशीपर्यंत चढवता येतो. फळ्यावर आकृती काढून मी ऐटीत वळलो.

"मे महिन्यात आपल्याकडे सावलीतच चाळीस असतात, सर," ती म्हणाली, "आणि पहिलं कुलूप तर उन्हानं सकाळीच काढलेलं असतं."