इंजिनाचा पंखा

बंगळूरची हवा थंड आहे असे सांगून वरिष्ठ आपणांस इकडे पाठवितात, आणि इकडे आल्यावर घरमालक तेच सांगून भाडे वाढवितो. माणसांपुरते हे विधान बव्हंशी खरे आहे. २४ एप्रिल २०१६ रोजी येथला पारा ३९.२ अंशांवर चढला होता. परंतु असे दिवस थोडे. मोटारीच्या इंजिनाला मात्र हे गाव मुळीच थंड नाही. समुद्रसपाटीपासून सुमारे ९२० मीटर उंचीवर वसल्यामुळे येथे उघड्या भांड्यातील पाणी १०० अंशांवर नव्हे, ९७ अंशांच्या आसपासच उकळते. हवाही मुंबईच्या मानाने शेकडा आठनऊ भागांनी विरळ. म्हणजे इंजिनाला निववणारे पाणी लवकर उकळणार आणि त्या पाण्याला निववणारी हवा पातळ मिळणार. या दोहोंवर ताण करणारी रहदारी आहेच. पण तिचे वर्णन येथल्या वाचकांपुढे करणे म्हणजे गंगापुत्राला गंगेचे माहात्म्य सांगण्यासारखे आहे.

आमची गाडी १९६८ सालची फियाट ११०० डिलाइट. त्या काळी मोटारीसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. आमच्या वडिलांनी तशी वाट पाहून ती घेतली, आणि नोकरीतील बदल्यांबरोबर तिच्याही बदल्या झाल्या. आज ती आमच्याकडे आहे ती निव्वळ हौसेखातर नव्हे. आमच्या मातोश्रींचे वय ८६. गुडघे कामातून गेलेले. नव्या गाड्यांपैकी काहींत त्यांना खाली वाकून बसवत नाही, तर काहींत पाय उचलून चढवत नाही. फियाटचे पुढचे आसन म्हणजे एक सलग बाक आहे, आणि गिअरचा दांडा स्टिअरिंगलाच असल्यामुळे पायांत काही येत नाही. त्या आडव्या बसतात, मग हळूच पाय आत घेतात, आणि पंधरा दिवसांनी एकदा डॉक्टरांकडे व अधूनमधून मल्लेश्वरमला आपल्या मैत्रिणीकडे जातात. ही गाडी बंद पडली तर त्यांचे घराबाहेरचे जगही बंद पडेल, हे आम्ही जाणून आहो. आणि गेल्या उन्हाळ्यात ती चौकाचौकांत उकळू लागली.

"पंखा बदला," असे आमच्या मेस्त्रींनी गाडीचे टोपण उघडताच सांगितले. कोणता, हे मात्र सांगितले नाही. ती निवड तीन महिने चालली.

जुन्या गाड्यांत पंखा पाण्याच्या पंपाच्या दांड्यावर बसविलेला असतो. इंजिनाच्या चाकावरून आलेला एकच पट्टा पंपाला, पंख्याला आणि डायनामोलाही फिरवितो. इंजिन जसे पळेल तसा पंखा पळतो. वेग दुप्पट झाला की वारा दुप्पट होतो. परंतु त्यासाठी खर्ची पडणारी शक्ती आठपट होते. आता गंमत पाहावी. गाडी ताशी पन्नास-साठ किलोमीटरने धावत असता समोरून येणारा वाराच रेडिएटरला पुरतो. पंख्याची गरज नसते, आणि नेमका तेव्हाच तो गरगरा फिरून इंजिनाची शक्ती खात असतो. उलट चौकात गाडी उभी राहिली की समोरून झुळूकही येत नाही, सारी भिस्त पंख्यावर येते, आणि इंजिन मंद म्हणून पंखाही मंद. साहेब समोर असता धावपळ करणारा आणि टपाल साचले असता पेंगणारा असा एक गृहस्थ प्रत्येक कचेरीत असतो. त्याची आम्हांस आठवण झाली.

म्हणून पंखा निवडताना पहिला प्रश्न इंजिन किती मोठे हा नव्हे, तर ते तापते कोठे, हा होय. खंबाटकीचा घाट चढताना तापते की डॉक्टरांच्या दवाखान्यापुढील रांगेत उभे राहून तापते? आमचे दुसऱ्या जातीचे. पुण्याला जाताना चित्रदुर्गच्या पुढे मोकळ्या रस्त्यावर काटा जागचा हलत नाही. घरापासून तीन किलोमीटरांवर तो तांबड्या रेघेला भिडतो.

या कामासाठी जे. सी. रोडला जाणे प्राप्त होते. म्हैसूरच्या जयचामराजेंद्र महाराजांच्या नावाचा हा रस्ता. पण येथे कोणी महाराजांची आठवण काढीत नाही, काढतात ती बेअरिंग, ब्रेक आणि बुश यांची. आमच्या गाडीला हे गाव अगदीच परके नाही, असे आम्हांस तेथे हिंडताना नेहमी वाटते. १९३० नंतरच्या दशकात सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी या देशात मोटारीचा कारखाना काढण्याची योजना आखली. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी ती उचलून धरली, म्हैसूर संस्थान साहाय्य देण्यास राजी झाले, आणि इंग्रज सरकारने खोडा घातला. पुढे डिसेंबर १९४० मध्ये वालचंदांनी बंगळूरला काढला तो विमानांचा कारखाना, म्हणजे आजच्या हिंदुस्थान एरोनॉटिक्सचे मूळ. मोटारींसाठी त्यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली आणि कारखाना मुंबईत कुर्ल्याला उभा राहिला. फाइल वेळेवर मंजूर झाली असती तर आमची फियाट कदाचित जन्माने कानडी असती. असो. तिचीच धाकटी बहीण पद्मिनी मुंबईच्या टॅक्सीतळांवर अर्धे आयुष्य उभी राहिली. नोंदणी असलेली तेथील शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली, तेव्हापासून सुट्या भागांचा शोध अधिकच बिकट झाला आहे.

दुकानदाराने आमच्यापुढे निरनिराळे पंखे मांडले. एक मूळच्या नमुन्याचा, पत्र्याचा. दुसरा अधिक पात्यांचा. हा मंद वेगातही जरा अधिक वारा ओढतो हे खरे. पण त्याचे वजन आणि ओढ पंपाच्या बेअरिंगवर पडते, आणि बेअरिंग ढिले झाले की पंप पाझरू लागतो. तिसरा प्लॅस्टिकचा, हलका. नवा असता उत्तम. परंतु उष्णतेने प्लॅस्टिक ठिसूळ होते, आणि फिरता फिरता पाते निखळले तर ते रेडिएटर फाडल्यावाचून राहत नाही. जुन्या पत्र्याच्या पंख्यातही पात्याच्या मुळाशी बारीक चीर पडलेली असते. ती बोटाला लागत नाही, भिंग घेऊन पाहावी लागते. काही पंख्यांची पाती मुद्दाम असमान अंतरावर बसविलेली दिसतात. तो बनविणाराचा हलगर्जीपणा नव्हे. समान अंतरामुळे उठणारा एकसुरी घूंकार त्याने मोडतो.

चौथा पंखा विजेचा, मारुती ८०० चा. त्या गाडीत इंजिन आडवे बसविलेले असल्यामुळे पट्ट्याचा पंखा रेडिएटरसमोर येऊ शकत नाही, म्हणून तिला विजेचा दिलेला. गाडी निघण्याचे २०१४ साली थांबले तरी तिचे भाग विपुल आहेत, आणि जुन्या गाड्यांना हाच पंखा लावण्याची चाल आपल्याकडे रूढ झाली आहे. इंजिन पळो की पेंगो, तो आपल्या वेगाने फिरतो. आमचा आजार याच औषधाचा. दुकानदार म्हणाला, "साहेब, यही लगा लो, पुराना निकालके फेंक दो." परंतु आमच्या गाडीत डायनामो आहे, आणि डायनामोचा स्वभाव जुन्या पंख्यासारखाच: इंजिन मंद असता तो जवळजवळ काहीच देत नाही. विजेचा पंखा मागतो सुमारे ८ अँपिअर, तेही गाडी उभी असतानाच. ही वीज येणार बॅटरीतून. आमची बॅटरी ४० अँपिअर-तासांची. अर्धा तास रहदारीत पंखा चालला तर ४ अँपिअर-तास, म्हणजे दहावा हिस्सा उचल झाली. ही उचल पुढच्या मोकळ्या रस्त्यावर हप्त्याहप्त्याने फिटते, जशी सणाची उचल पगारातून फिटते. परंतु रात्री दिवे लावून, पावसात वायपर चालवून, शिवाय पंखाही लावला, तर मात्र दिवाळे वाजणार. डायनामो काढून अल्टरनेटर बसवा, हा त्यावरचा उपाय. मग त्यामागून वायरिंग आले. जुन्या घराचे एक कौल बदलावयास जावे आणि आढे काढावे लागावे, तसे हे आहे.

येथे पुण्याहून चिरंजीवांचे मत आले. २०२१ साली केंद्र सरकारने मोटारवाहन नियमांत दुरुस्ती करून पन्नास वर्षांहून जुन्या खासगी गाड्यांना 'व्हिंटेज' म्हणून नोंदण्याची सोय केली आहे. नोंदणीचे शुल्क २० हजार रुपये, क्रमांकात 'व्हीए' ही अक्षरे. चिरंजीवांचे म्हणणे, गाडी मूळ रूपात ठेवावी, तशी नोंदवावी, आणि आईआजीसाठी भाड्याची गाडी बोलवावी. नियम आम्ही सवयीने मुळातून वाचला. गाडी मूळ स्वरूपात राखलेली असावी आणि तिच्यात भरीव फेरफार झालेला नसावा, असे तो म्हणतो. पंखा हा भरीव फेरफार ठरेल काय, यावर कोणताही अनुभवी अधिकारी दोन्ही बाजूंनी चार-चार पानांची टिपणी लिहू शकेल. खरी मेख पुढे आहे: अशी गाडी प्रदर्शनाला, मेळाव्याला, इंधन भरावयास आणि दुरुस्तीला रस्त्यावर आणता येते, नित्याच्या वापरासाठी आणता येत नाही. म्हणजे डॉक्टरांकडे नाही आणि मल्लेश्वरमलाही नाही.

आम्ही हे मातोश्रींना वाचून दाखविले. त्या म्हणाल्या, "मी आहे तोवर तिला चालती ठेव. मग खुशाल काचेच्या कपाटात ठेवा." निर्णय तेथे झाला.

परंतु पंख्याला हात लावण्यापूर्वी रेडिएटर उतरविला. बंगळूरच्या पुष्कळ वस्त्यांतून बोअरचे जड पाणी येते. तेच पाणी वर्षानुवर्षे रेडिएटरमध्ये ओतले तर नळ्यांच्या आत क्षारांचा थर बसतो, आणि तो उष्णतेला बाहेर जाऊ देत नाही. आमच्या रेडिएटरच्या पुष्कळ नळ्या अर्ध्याअधिक बुजलेल्या निघाल्या. त्या सळईने साफ करून घेतल्या, आणि आत शुद्ध पाण्यात मिसळलेले कूलंट भरले. दाब धरणाऱ्या झाकणाचा रबरही कडक झाला होता. झाकण दाब धरीत नसेल तर ९७ अंशांची ती मर्यादा पुन्हा लागू होते, म्हणून तेही बदलले. थर्मोस्टॅट काढून टाकावा असा एक सल्ला गॅरेजांतून फुकट मिळतो. तो आम्ही मानला नाही. थर्मोस्टॅट नसला तर मोकळ्या रस्त्यावर इंजिन पुरेसे तापतच नाही, झीज वाढते आणि पेट्रोलही अधिक जाते.

मूळचा पंखा होता तेथेच ठेवला. त्याच्याभोवती मेस्त्रींनी पत्र्याचा गोल घेर करून बसविला. हा घेर नसला तर पंखा कडेची, इंजिनाने तापविलेली हवाच पुन:पुन्हा घुसळीत राहतो. घेरामुळे त्याला रेडिएटरमधूनच हवा ओढावी लागते. एवढ्याशा पत्र्याने चौकातला काटा जो खाली आला, तो पाहून आम्ही दुसरा पंखा घेऊच नये असे मेस्त्रींनी सुचविले. मात्र एप्रिलची दुपार आणि शेजारी ८६ वर्षांचे माणूस, हा हिशेब वेगळा.

म्हणून रेडिएटरच्या पुढे एक लहान विजेचा पंखा साहाय्यक म्हणून नेमला. मारुतीचा नव्हे, तो मागून हवा ओढण्यासाठी घडविलेला असतो, आणि पुढे बसवून तारा उलटवल्या तर पाती उलटी फिरतात खरी, पण त्यांचा बाक दुसऱ्या दिशेचा राहून वारा निम्मा पडतो. आम्ही ढकलणाऱ्या पात्यांचा घेतला. गाडीला नवे छिद्र पाडले नाही, जुन्याच बोल्टांना पट्ट्या धरल्या. चार नट काढले की तो निघतो, आणि पुण्याच्या प्रवासाला निघताना समोरच्या वाऱ्याला अडथळा नको म्हणून आम्ही तो काढतोही. वारा योग्य दिशेने जातो की नाही हे पाहण्यास वर्तमानपत्राचे एक पान पुरते: ते समोरच्या जाळीवर धरावे. चिकटून राहिले तर ठीक. उडाले तर तारा उलट्या.

ठराविक उष्णता झाली की आपोआप पंखा लावणारे बटण मिळते. डायनामोची मिळकत पाहता आम्ही ते घेतले नाही, साधी कळ बसविली, रिले आणि फ्यूज घालून. ती डॅशबोर्डाच्या खाली, बाकाच्या डाव्या बाजूला आली. तिचा ताबा मातोश्रींनी आपण होऊन घेतला आहे. काटा कोठवर गेला म्हणजे लावावयाची आणि सिग्नल हिरवा झाला की बंद करावयाची, हे त्यांना एकदाच सांगावे लागले. रात्री दिवे लागलेले असतील तर मात्र त्या आधी विचारतात, "अरे, बॅटरीला झेपेल ना? लावू का?"