सगोत्र सोयरीक

लिनक्सच्या घरात नवा प्रोग्राम आणणे म्हणजे सोयरीकच. फक्त इथे गोत्रही एकच लागते आणि नाडीही! डेबियन-उबुंटूला ‘डेब’ फाइल, फेडोराला ‘आरपीएम’. हे झाले गोत्र. नाडी प्रोसेसरची. मुलगी परदेशात; रविवारी तिचे तोंड दिसावे म्हणून आम्हांला प्रोग्राम हवा होता. यादीत ‘एएमडी६४’ नि ‘एआरएम६४’.

“अहो, आपला तर इंटेल!” सौ. धास्तावल्या.

मी ‘एएमडी६४’च घेतली. ही चाल एएमडीने २००३ साली बाजारात आणली, मग इंटेलनेही उचलली. नाव माहेरचेच राहिले. मग ‘सुडो एपीटी इन्स्टॉल’, टिंब, तिरपी रेघ, फाइलचे नाव. टिंब-रेघ गाळली, तर एपीटी हातातली फाइल सोडून भांडारात शोधते!

रविवारी मुलगी दिसली. वाळली आहे, असे सौ.चे मत.