निरामिष आमिष

गळ टाकून बसलेला माणूस आळशी असतो, असा आमच्या देगलुरात सर्वमान्य समज आहे. ज्यांनी तो पसरवला त्यांनी कधी आमिष मळलेलं नाही. काठी धरून बसणं हा या उद्योगातला शेवटचा आणि सर्वांत सोपा भाग. खरी कसोटी आदल्या रात्री स्वयंपाकघरात लागते, आणि तीही घरातली मंडळी झोपल्यावर.

आता शब्दच बघा. आमिष म्हणजे मुळात मांस. त्यावरूनच सामिष, निरामिष. पण आमच्या लेंडी नदीतला रोहू वृत्तीनं जवळजवळ वारकरी. त्याला कणीक चालते, शेंगदाण्याची पेंड चालते, भाजलेल्या हरभऱ्याचं पीठ तर फारच चालतं. म्हणजे त्याच्यासाठी करायचं ते निरामिष आमिष! व्याकरणवाल्यांनी काय हवं ते म्हणावं, रोहूची तक्रार नाही.

ही विद्या मला नदीकाठच्या एका मामूंनी दिली. गोळा कानाच्या पाळीइतका मऊ हवा. कडक झाला तर मासा तोंड लावत नाही, सैल झाला तर पाण्यात विरघळून गळ उघडा पडतो. वासाला थोडी बडीशेप. गोळा जमला तरी काम संपत नाही, कारण नदी म्हणजे तीन मजली चाळ. कटला वरच्या मजल्यावर चरतो, रोहू मधल्या आणि मृगळ तळमजल्यावर. म्हणून बूच दोरीला किती उंचीवर बांधायचं, हे कणकेइतकंच महत्त्वाचं. चुकीच्या मजल्यावर जिलबी नेऊन ठेवली तरी ती कोण खाणार?

मरळीचं मात्र सगळंच वेगळं. ती कट्टर मांसाहारी. छोटा मासा, बेडकी असं काहीतरी हवं, आणि ते हललं पाहिजे. निपचित पडलेल्या जेवणाकडे ती ढुंकून बघत नाही. वामीला गांडूळ पुरतं. तालुक्याला बदलून आलेल्या एका साहेबांनी सरसकट सगळ्यांना बालूशाही लावली होती. कारण विचारलं तर म्हणाले, "मला फार आवडते." मामू हळूच मला म्हणाले, "गुर्जी, मछली के मुँह का सोचना, अपने मुँह का नक्को." साहेब उरलेली बालूशाही स्वतःच खाऊन परतले. त्यांची दुपार काही अगदीच वाया गेली नाही.

बोस्टनजवळ राहणारा माझा पुतण्या समुद्राच्या लाटांत उभा राहून स्ट्राइप्ड बास नावाचा पट्टेरी मासा धरतो. त्याच्या पेटीत लाकडी मासे, रबरी मासे, हरणाच्या शेपटीचे केस बांधलेले शिशाचे गोळे, आणि बादलीत वामीसारखी जिवंत ईल. काळोख्या रात्री तो मुद्दाम काळं आमिष लावतो. कारण खालून वर बघणाऱ्या माशाला आकाशापुढे काळी आकृतीच उठून दिसते, म्हणे. एवढं करून सापडलेला मासा तो शिंप्यासारखा टेपनं मोजतो. अठ्ठावीस इंचांहून लहान असेल तर सोडायचा, एकतीस भरला तरी सोडायचा, असा तिथला कायदा. "मग काका, बहुतेक सोडावेच लागतात," असं तो अभिमानानं सांगतो. आमच्या सौ.ना हा प्रकार पसंत पडला. घरात वास येत नाही.

माझ्या कणकेवर मात्र त्यांचा राग. "भाजीत घालायला बडीशेप नाही आणि माशांचे लाड चाललेत!" मी इतिहासाचा आधार घेतला. आमच्या तालुक्यात होट्टलला चालुक्यकालीन देवळं आहेत. त्याच कल्याणीच्या चालुक्यांपैकी तिसरा सोमेश्वर, राज्यकाळ 1126 ते 1138. त्यानं 'मानसोल्लास' नावाचा शंभर अध्यायांचा ग्रंथ रचला आणि त्यात 'मत्स्यविनोद' असा खास भाग घातला. माशांच्या जाती, दोरी, काठी, कोणाला काय खाऊ घालायचं, सगळं. इंग्रज ज्याची पूजा करतात त्या आयझॅक वॉल्टनचं पुस्तक 1653 चं, म्हणजे आपल्या राजाच्या पाचेकशे वर्षं मागून आलेलं. सौ. शांतपणे म्हणाल्या, "राजाकडे कणीक मळायला माणसं होती."

यावर उत्तर नव्हतं. शिवाय आता एक नवंच संकट आहे, तिलापिया. हा आफ्रिकेतला मासा 1952 साली भारतात आणला आणि पुढे गोदावरीच्या खोऱ्यात त्यानं बस्तान बसवलं. त्याला आवडनिवड नाही. कणीक, गांडूळ, पावाचा तुकडा, शिळ्या भाकरीचा कोपरा, काहीही चालतं. बडीशेप घाला नाहीतर घालू नका. लेंडीच्या डोहात माझ्या गळाला हल्ली बहुतेक तोच लागतो, आणि दर वेळी मला परीक्षा न घेताच पास केल्यासारखं वाटतं. गेल्या पावसाळ्यात एका पोरानं नुसता भाकरीचा कोपरा लावून तासाभरात अर्धी पिशवी भरली. शेजारी मामू गुडघ्यावर ताट ठेवून कणीक मळत होते, बडीशेप कुटून घालत होते.

मी म्हटलं, "मामू, तिलापियाला एवढं कशाला?"

"उसकू कौन दे रहा," मामू गोळा बोटात दाबून बघत म्हणाले. "रोहू आया तो?"